घोरण्यावर उपाय करण्याआधी तपासणी हवी

आपल्या आरोग्य पुरवणीतील घोरणे थांबवण्याच्या सोप्या उपायांवरील लेख वाचला. कुशीवर झोपावे, वजन घटवावे, रात्री मद्य टाळावे हे सल्ले योग्यच आहेत. परंतु स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा विकार, लेखात एका ओळीत उरकला आहे आणि आक्षेप नेमका त्यालाच आहे. या विकारात घशाचा मार्ग मिटून श्वास १० सेकंद किंवा अधिक काळ थांबतो, रक्तातील ऑक्सिजन घटतो आणि मेंदू झोपणाऱ्याला क्षणभर जागे करतो. तीव्र विकारात हे तासाला ३० किंवा त्याहून अधिक वेळा घडते, तरी सकाळी रुग्णाला त्यातले बहुधा काहीच आठवत नाही. घोरण्याचा आवाज कमी झाला म्हणजे श्वास अडणे थांबले, असेही नव्हे. ते केवळ निद्रा-तपासणीतच कळते आणि अनेक रुग्णांची ही तपासणी आता घरीही करता येते. माझे निदान झाल्यावर मुखवट्यातून हवा देणारे सीपॅप यंत्र सुरू झाले. ऑस्ट्रेलियन डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये मांडलेली ही पद्धत हवेच्या सौम्य दाबाने घसा उघडा ठेवते. मुखवट्याची सवय होण्यास वेळ लागतो, नाक कोरडे पडते (घरच्यांची थट्टाही सोसावी लागते), पण दिवसाची पेंग गेली. शेजारी झोपणाऱ्याने श्वास थांबताना पाहिला असल्यास त्यालाच सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे, एवढी सूचना तरी पुढील लेखात यावी.

– एक वाचक