मनूला, डेट्रॉइटच्या घरावरून

प्रिय मनू,

डेट्रॉइटच्या वेस्ट व्हिलेजमध्ये अपार्टमेंट घेतलंस ते बरं केलंस की वाईट हे मी सांगणार नाहीये, नोकरी तुझी, भाडं तू भरणार. आजीला मी एवढंच सांगितलं की तुझ्या शेजारच्या एरियाचं नाव इंडियन व्हिलेज आहे, त्यामुळे पुण्यात आता बातमी पसरलीय की मनू आपल्याच माणसांत राहायला गेली. असू दे, कोणी काही सुधारायला जाऊ नका.

पण डेट्रॉइट किती धोक्याचं म्हणून फॅमिली ग्रुपवर जे काय चाललंय ते वाचून तू विचारलंस ना, बाबा या सगळ्यांना डेट्रॉइटमध्ये नक्की झालंय तरी काय, कोणाला लुटलं का कधी? नाही. मी एकेक जण डोळ्यासमोर आणून बघितला. सगळे नोव्हाय, ट्रॉय, कॅन्टन, फार्मिंग्टन हिल्स अशा सबर्बमधले. वर्षातून एकदा ऑटो शो, कधीतरी टायगर्सची बेसबॉल मॅच, आणि भारतातून आई-वडील आले की त्यांना नदीपलीकडचं कॅनडा दाखवायला न्यायचं आणि अंधार पडायच्या आत परत हायवेला लागायचं. स्वतःचा एकही वाईट अनुभव नाही आणि बोलतात असं की जणू तिथेच लहानाचे मोठे झाले. ही भीती आपल्याला आयती मिळालीय गं. मी आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात ऑफिसातल्या एका गोऱ्या कलीगने प्रेमाने सांगितलं, एट माईलच्या खाली जाऊ नकोस, म्हणजे डेट्रॉइटच्या उत्तर हद्दीवरचा तो रस्ता ओलांडून शहरात शिरू नकोस. घर शोधताना एजंट बाईंनी तिकडचं एकही घर दाखवलं नाही, मी विचारलंही नाही, आणि पुढच्या वर्षी जो नवीन मराठी मुलगा आला त्याला आपल्याच लोकांनी अगदी तेच वाक्य सांगितलं.

त्या वाक्याबरोबर एक गोष्टही मिळते, ती तू शंभर वेळा ऐकली असशील. फार सुंदर शहर होतं, मग ६७ ला काळ्यांनी दंगल केली, गोरे घाबरून पळाले, मग काळा मेयर आला आणि सगळं बुडालं. या गोष्टीतला क्रमच उलटा आहे. डेट्रॉइटची लोकसंख्या सगळ्यात जास्त होती १९५० ला, साडेअठरा लाख. १९६० च्या मोजणीत पावणेदोन लाखांहून जास्त माणसं कमी झालेली, म्हणजे दंगलीच्या सात वर्षं आधी! १९४७ ते १९६३ या काळात कारखान्यांतल्या १ लाख ३४ हजार नोकऱ्या शहरातून गेल्या, कारण कंपन्यांना नवीन ऐसपैस प्लांट बाहेर मोकळ्या जागेत बांधायचे होते आणि मशीनवर माणसं कमी लागायला लागली होती. तो पॅकार्ड गाड्यांचा पडका कारखाना, ज्याचे फोटो बघून सगळे म्हणायचे बघा काय करून ठेवलं यांनी शहराचं, तो बंद पडला १९५६ ला. आता यात "यांचा" काय संबंध? कारखाना बंद करणारे बोर्डरूममधले लोक काही ब्लॅक नव्हते. पण त्या फोटोंत माणूस कधीच नसतो, नुसत्या फुटक्या खिडक्या आणि गवत, मग बघणारा आपल्या मनातला माणूस तिथे उभा करतो.

आणि गोरे नुसते "गेले" नाहीत, त्यांना जायला सरकारने मदत केली. नवीन सबर्बमधल्या घरांच्या कर्जाची हमी फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन घ्यायचं, पण ब्लॅक वस्तीत नाही आणि तिच्या शेजारीही नाही, नकाशावर तो भाग लाल. आपल्या घराच्या दक्षिणेला जो एट माईल रोड आहे ना, त्याच रस्त्याने सरळ पूर्वेला गेलीस की वायोमिंग नावाच्या रस्त्याच्या आसपास एक भिंत आहे. साधारण सहा फूट उंच, अर्धा मैल लांब. १९४१ ला एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती पण शेजारी ब्लॅक वस्ती म्हणून हमी मिळेना, मग त्याने मधे भिंत घातली आणि हमी मिळाली. बस्स, एवढीच तिची कथा. आज तिच्या दोन्ही बाजूंना ब्लॅक लोकच राहतात आणि पार्कच्या बाजूला तिच्यावर चित्रं काढलीत. मी बघितलीय ती, तूही बघून ये. एखादी वस्ती "धोक्याची" आहे हे तिथे काही घडायच्या आधी कागदावर कसं ठरतं हे कळायला त्याहून सोपी जागा नाही.

तुझ्या घराजवळचीच गोष्ट सांगतो. तिथून पूर्वेला गार्लंड स्ट्रीट लागेल, तिथे १९२५ ला ऑसियन स्वीट नावाच्या ब्लॅक डॉक्टरने घर घेतलं. डॉक्टर माणूस, शिकलेला, पैसे मोजून घर घेतलेलं, म्हणजे आपल्याकडे स्थळ म्हणून उड्या पडतील असा! राहायला गेले तर बाहेर शेकडो गोऱ्यांचा जमाव, दगडफेक, आतून गोळी सुटली, बाहेरचा एक माणूस मेला आणि घरातल्या अकरा जणांना अटक. त्यांची केस क्लॅरन्स डॅरो या नामांकित वकिलाने लढवली आणि शेवटी सुटले, पण शिकलं-सवरलं की सगळं नीट होतं हे जे आपल्या लोकांचं ठाम मत आहे ना ते मला त्या घरासमोर उभं राहून कोणीतरी समजावून सांगावं.

आणि तसंच पुढे जात राहिलीस की शहराची हद्द संपून ग्रोस पॉइंट सुरू होतं, तळ्याकाठचे बंगले वगैरे. तिथे १९४५ पासून १९६० पर्यंत घर घेणाऱ्याला चक्क मार्क देत होते. खाजगी डिटेक्टिव्ह फॉर्म भरायचा: राहणी अमेरिकन आहे का, उच्चार कसे आहेत, रंग किती सावळा, थोडा की जास्त. पास व्हायला ५० मार्क लागायचे, पोलिश असाल तर ५५, इटालियन-ग्रीक ६५, ज्यू ८५. आणि ब्लॅक आणि एशियन? त्यांचा पेपरच तपासायचा नाही. म्हणजे आपण! १९६५ चा इमिग्रेशन कायदा आणि १९६८ चा फेअर हाउसिंग कायदा झाला नसता तर ट्रॉयमधल्या तुझ्या काकाला हे "सेफ नेबरहूड" वगैरे बोलायला तिथे घरच मिळालं नसतं, आणि त्या कायद्यांसाठी हवा तापवली ती सिव्हिल राइट्सच्या चळवळीने, म्हणजे ज्यांच्या नावाने आपण नाक मुरडतो त्यांनीच. हे मी एकदा काकाला ऐकवलं होतं, त्याने विषय टेस्लाच्या शेअरवर नेला.

आपल्या लोकांना हे कळायला अवघड जाऊ नये खरं तर. पुण्यात फ्लॅट बघायला गेलं की पहिला प्रश्न आडनाव काय. मुंब्र्याला ९२-९३ नंतर एवढे मुसलमान का गेले हे कोणी विचारत नाही, पण तिकडे रिक्षावाला येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणजे सवय आपण बॅगेत घालून इकडे घेऊनच आलो होतो, फक्त नावं बदलली.

६७ ची दंगल खोटी नाही. जुलैमध्ये १२व्या रस्त्यावर बिनपरवाना बारवर पोलिसांची धाड पडली, व्हिएतनामहून परत आलेल्या पोरांसाठी तिथे पार्टी चालली होती, आणि पुढचे पाच दिवस शहर जळत होतं. ४३ माणसं मेली, त्यातली ३३ ब्लॅक. कोलमन यंग मेयर झाला तो १९७४ च्या जानेवारीत, तेव्हा तो म्हणाला की चोर-लुटारूंनो, काळे असा गोरे असा की पोलिसांच्या वर्दीतले असा, एट माईल गाठा. म्हणजे शहर सोडा. सबर्बवाल्यांनी ऐकलं काय, तर हा गुंडांना आमच्याकडे पाठवतोय. अजूनही जुने लोक तसंच सांगतात. यंग काही संत नव्हता, जनरल मोटर्सच्या प्लांटसाठी पोलटाउन या वस्तीतली घरं आणि चर्च पाडली ते मला कधीच पटलेलं नाही. पण शहराचं सगळं खापर एका माणसावर फोडून मोकळं होणं फार सोयीचं असतं.

१९७४ लाच सुप्रीम कोर्टाने मिलिकेन विरुद्ध ब्रॅडलीचा निकाल दिला, पाच विरुद्ध चार. डेट्रॉइट आणि आजूबाजूचे ५३ स्कूल डिस्ट्रिक्ट मिळून काळ्या-गोऱ्या मुलांची सरमिसळ करायची योजना होती, ती रद्द. म्हणजे सबर्बची हद्द ओलांडलीत की तुमच्या मुलांच्या शाळेवर शहराचा काही हक्क नाही. आपण नोव्हायला घर घेतलं ते शाळेसाठीच, सगळे मराठी लोक तेच करतात, त्याबद्दल मी काही अपराधी चेहरा करून बसणार नाही. तू शिकलीस, चांगली शिकलीस. पण "तिकडच्या शाळा वाईट" असं जेव्हा मावशी म्हणते तेव्हा ही रेष कोणी मारली हे तिला माहीत नसतं, तुला माहीत असावं.

आपल्या ओकलंड काउंटीचा प्रमुख ब्रुक्स पॅटरसन तर उघड बोलायचा. २०१४ ला एका मासिकाशी बोलताना त्याने आपलं जुनं भाकीत परत ऐकवलं, की डेट्रॉइटला नेटिव्ह इंडियन लोकांच्या रिझर्व्हेशनसारखं कुंपण घाला आणि आत घोंगड्या आणि मका टाका. तरी २०१६ ला परत निवडून आला, २०१९ ला वारला तेव्हाही त्याच पदावर होता. आणि ईस्ट डेट्रॉइट नावाचं एक सबर्ब होतं, त्यांना डेट्रॉइट या नावाचीच इतकी लाज की १९९२ ला ईस्टपॉइंट असं नाव करून घेतलं, म्हणजे ऐकणाऱ्याला ग्रोस पॉइंट आठवावं!

आपल्यासारख्या दिसणाऱ्या माणसाचा इथला सगळ्यात गाजलेला खून विन्सेंट चिनचा. १९८२, जपानी गाड्यांमुळे नोकऱ्या गेल्याचा राग, आणि हा बिचारा चायनीज. हायलंड पार्कमध्ये बेसबॉलच्या बॅटने मारलं. मारणारे दोघेही गोरे, ऑटो इंडस्ट्रीतले, आणि कोर्टाने दिलं काय तर प्रोबेशन आणि ३ हजार डॉलर दंड. पण म्हणून गोऱ्यांच्या वस्तीत जाऊ नकोस असं कधी कोणी आपल्याला सांगितलं का?

गुन्हे नव्हतेच असं कोणी म्हणालं तर त्याचंही ऐकू नकोस. १९७४ ला ७१४ खून झाले होते. २०२४ ला २०३, तोपर्यंत १९६५ नंतरचे सगळ्यात कमी, तरी लोकसंख्येच्या मानाने अजून जास्तच आहेत. पण मरणारी बहुतेक माणसं तिथलीच, ब्लॅकच, आणि त्यांच्या दुःखाची आपल्याला फक्त आपल्या गाडीच्या काचेपुरती काळजी.

आता वारं फिरलंय. २०१३ ची शहराची दिवाळखोरी, मग फोर्डने ते पडकं रेल्वे स्टेशन घेतलं आणि २०२४ ला चकाचक करून उघडलं, लगेच "कमबॅक सिटी". मला यात एक गोष्ट खटकते ती सांगून ठेवतो कारण तू आता त्यातच राहणार आहेस. तरुण गोरे कॉफीवाले आणि आयटीवाले आले तेव्हा शहर "परत आलं", आणि जी माणसं मधली चाळीस वर्षं तिथेच राहिली, स्वतः गवत कापत राहिली, ती काय कुठे गेली होती? २०१० ते २०१६ मध्ये त्यांच्याकडून ६० कोटी डॉलरच्या वर जास्तीचा प्रॉपर्टी टॅक्स घेतला गेला, खूप जणांची घरं त्यातच गेली. तेव्हा तुझ्या ब्लॉकवर जी कोणी आजी चाळीस वर्षं राहते तिच्याशी आधी ओळख कर, ब्लॉक क्लबची, म्हणजे गल्लीतल्या रहिवाशांच्या मंडळाची, मीटिंग असेल तर जा आणि पहिल्या दिवशी जास्त बोलू नकोस. इन्स्टावर "हिडन जेम" वगैरे लिहिलंस तर मी अनफॉलो करीन.

बाकी, पत्ता बदलायच्या आधी कार इन्शुरन्सवाल्याला फोन कर. माणूस तीच, गाडी तीच, पण डेट्रॉइटचा पत्ता लागला की हप्ता भरपूर वाढतो, तयारीत राहा. निदान तीन कंपन्यांचे कोट घे आणि मला पाठव, मी बघतो.

बाबा