सोन्याच्या बातमीत ग्रेडही छापा

संपादक महोदय,

कुठे सोने सापडले की मथळ्यात टनांचा आकडा येतो. ते टन सोन्याचे की दगडाचे, हे मात्र बातमीत नसते. फेब्रुवारी 2020 मध्ये उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रबाबत हेच झाले. तीन हजार टनांहून जास्त सोने असल्याचे देशभर छापून आले. मग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने खुलासा केला: खनिज (सोने असलेला दगड) 52,806 टन, ग्रेड (टनभर खनिजातले सोने) सरासरी 3.03 ग्रॅम, म्हणजे एकूण सोने सुमारे 160 किलो.

ही ग्रेड काढतानाही घोळ होतात. तपासणीसाठी पाडलेले भोक, म्हणजे बोअरहोल, शिरेला (खडकातल्या सोन्याच्या पट्ट्याला) बहुधा तिरके छेदते. कोअरमध्ये (त्या भोकातून काढलेल्या खडकाच्या दांड्यात) दोन मीटर खनिज दिसले, पण कोअर आणि शीर यांत 30 अंशांचा कोन असला तर खरी जाडी एकच मीटर. ही दुरुस्ती न करता क्षेत्रफळ, जाडी, घनता यांचा गुणाकार केला की साठा कागदावर दुप्पट. शिवाय सोने खडकात सारखे पसरलेले नसते. दहा नमुन्यांपैकी नऊ 3 ग्रॅमचे आणि एकात जाड कण आल्याने 103, तर सरासरी 13! तो एक 20 वर छाटला की 4.7. कुठे छाटायचे, हे त्या खाणीतले सगळे नमुने मांडून ठरवावे लागते.

पुढचा प्रश्न खणण्याचा. शीर एक मीटरची, 6 ग्रॅमची. पण काम करायला दीड मीटरचा स्टोप (खनिज काढायची पोकळी) लागला तर अर्धा मीटर फुकटचा दगड सोबत येतो आणि मिलमध्ये (दगड दळून सोने काढतात तिथे) 4 ग्रॅमच पोहोचते. शीर उभी व बाजूचा खडक भक्कम असेल तर श्रिंकेज स्टोपिंग, म्हणजे खालून वर खणत जाणे, जमते. फुटलेला दगड फुगतो, म्हणून साधारण तिसरा हिस्सा तेवढा उपसायचा आणि उरलेल्यावर उभे राहून वर ड्रिलिंग करायचे. स्टोप संपेपर्यंत दोन-तृतीयांश माल, म्हणजे पैसा, आत अडकतो. शेवटी उपसताना भिंती सुटल्या तर ग्रेड आणखी घसरते. कच्च्या भिंतींना कट अँड फिलच (एकेक थर काढून पोकळी भरत जाणे) बरे: खर्चिक, पण भेसळ कमी. रुंद, सरळ शिरेत सबलेव्हलवरून (मधल्या बोगद्यांतून) लांब भोके मारून भरपूर टन निघतात. शीर वळली की तीच भोके कोऱ्या दगडात जातात.

कोलारची खाण 2001 मध्ये बंद झाली, ती सोने संपले म्हणून नव्हे. तीन किलोमीटर खोलीवरून ते काढणे परवडेना.

तेव्हा पुढच्या बातमीत टनांसोबत ग्रेड, शिरेची खरी जाडी आणि अन्वेषण जी-4 (प्राथमिक पाहणी) ते जी-1 (सविस्तर अन्वेषण) यांपैकी कोणत्या टप्प्यावर आहे, एवढे तरी द्यावे. भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय नागपुरातच आहे. छापण्याआधी तिथे विचारून घेता येते.

– एक खाण अभियंता, नागपूर