त्या घोरण्यासाठी थँक्यू, ताई

ताई, मी तुम्हाला आठवणार पण नाही बहुतेक. तुमची नाइट ड्यूटी, आमच्यासारखे किती येतात आणि जातात. कोपऱ्यातल्या कॉटवर रात्रभर पाय झाडत पडलेला असायचा ना, तो मी. टर्कीत, म्हणजे गर्द (हेरॉइन) बंद केल्यावरच्या त्रासात, अंगावरची चादर पण टोचायची, नाक-डोळे गळायचे, पोटात कळा, आणि तुम्ही काही लेक्चर न देता ग्लास घेऊन यायचात आणि घोट घोट पाजायचात.

पण हे थँक्यू त्याचं नाहीये. डिस्चार्जच्या दिवशी सगळे मला शाब्बास म्हणत होते आणि तुम्ही दादाला म्हणालात, खरा धोका आता सुरू होतोय. माझ्यासमोरच! जाम राग आला होता, खोटं कशाला बोलू. गर्द महिनाभर बंद असलं की शरीराची सवय उतरते, आधी रोज पचणारा डोसच आता श्वास बंद पाडू शकतो, वर दारू किंवा झोपेची गोळी असेल तर बघायलाच नको. आणि मग तुम्ही दादाला चक्क घोरण्याचा आवाज काढून दाखवलात, घशात पाणी अडकल्यासारखा, मधेच थांबणारा. असं ऐकू आलं, हलवून उठला नाही, ओठ निळे पडले तर झोपलाय म्हणून सोडू नका. मी हसलो होतो तेव्हा.

चार महिन्यांनी घसरलोच. कारण काही मोठं नव्हतं, एक जुना मित्र भेटला, बस. आणि मी जुन्याच हिशेबाने घेतलं.

दादा रात्री पाणी प्यायला उठला तर दारातून घोरणं ऐकू आलं. म्हणतो, बरं वाटलं रे, किती दिवसांनी गाढ झोपलायस. दोन पावलं पुढे गेला पण होता, मग तुमचा तो आवाज आठवला आणि मागे फिरला. ॲम्ब्युलन्सला फोन लावला, फोनवरची बाई सांगेल तसा तोंडाने श्वास देत राहिला. हॉस्पिटलमध्ये नॅलॉक्सोन, म्हणजे गर्दचा असर उतरवणारं इंजेक्शन, टोचलं, श्वास लागला, पण ते 30 ते 90 मिनिटंच टिकतं, आतलं गर्द परत चढू शकतं, म्हणून रात्रभर सोडलं नाही. आणि मी शुद्धीवर आल्या आल्या भांडलो म्हणे, नशा का उतरवली म्हणून. ज्याने श्वास दिला त्याच्याशीच.

परत ॲडमिट झालो तेव्हा तुम्हाला शोधलं, कळलं बदली झाली. म्हणून हे असं उघड लिहितोय, कुठे तरी वाचाल.

आता दादा दर रविवारी पेशंटच्या नातेवाइकांच्या मीटिंगला जातो आणि नवीन आलेल्यांना तो आवाज काढून दाखवतो. तुमच्यासारखा जमत नाही त्याला, लोक हसतात. तो परत काढतो.