डिस्चार्जच्या फाइलीतून हॉस्पिटल चालवायला शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

स. न. वि. वि.

निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, पण तुमच्या हाताखाली तयार झालेल्या आम्ही तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. रिसेप्शन, बिलिंग किंवा टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था) डेस्कवरून सुरुवात केलेले आम्ही आज वीस-तीस खाटांची हॉस्पिटलं सांभाळतो. पत्र जाहीर लिहितोय, कारण तुम्ही शिकवलेलं नव्याने या क्षेत्रात येणाऱ्या मुलांच्याही कामी यावं.

तुम्ही सुरुवात करायचात रूम रेंटपासून. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत खोलीची मर्यादा रोज ४,००० आणि पेशंटने ६,००० ची खोली घेतली, की नातेवाईक म्हणतात, "दोन हजारच जास्त ना? पाच दिवसांचे दहा हजार भरू आम्ही." मग तुम्ही कागदावर मांडायला लावायचात. खोलीभाडं ३०,०००, त्यातले मिळणार २०,०००. सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी (ऑपरेशन थिएटर) आणि व्हिजिट मिळून ६०,००० झाले असतील तर तेही त्याच प्रमाणात कापून ४०,०००. म्हणजे खिशातून जाणार तीस हजार. औषधं, कन्झ्युमेबल्स (वापरून टाकायच्या वस्तू), इम्प्लांट (शरीरात बसवायची वस्तू) आणि तपासण्यांना ही कपात नाही, आयसीयूच्या भाड्यालाही नाही, आणि खोलीप्रमाणे दर बदलत नसतील तिथे ती लावताच येत नाही. शिवाय आयसीयू सोडून ५,००० च्या वरच्या खोलीवर २०२२ पासून ५ टक्के जीएसटी, तो वेगळाच. हा हिशेब ॲडमिशनच्या वेळी समजावून खाली सही घेतली नाही, तर तोच हिशेब डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर आरडाओरड्यात करावा लागतो.

डिस्चार्ज हा तर तुमचा खास विषय. डॉक्टर सकाळी दहाच्या राउंडला "आज सोडा" म्हणतात आणि पेशंट संध्याकाळी पाचला बाहेर पडतो. सगळे टीपीएला दोष देतात. तुम्ही एक तक्ता करायला सांगितलात: सूचना किती वाजता, डिस्चार्ज समरी कधी तयार, उरलेल्या औषधांचं रिटर्न कधी, बिल कधी, कागद पोर्टलवर कधी, मंजुरी कधी, खाट रिकामी कधी. आठवडाभर भरला की दिसतं, निम्मा वेळ आपल्याच घरात जातो. आयआरडीएआयच्या (विमा नियामकाच्या) मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे अंतिम मंजुरी तीन तासांत यायला हवी. पण कागद अर्धवट गेले तर क्वेरी (विमा कंपनीची विचारणा) येते आणि त्या तीन तासांना अर्थ उरत नाही. म्हणून उद्या कोण सुटणार याची यादी आदल्या संध्याकाळच्या राउंडलाच करायची, समरीचा मसुदा आरएमओने (निवासी डॉक्टरने) रात्री लिहायचा, अंतरिम बिल रात्रीच तपासायचं, इम्प्लांटचा स्टिकर आणि इन्व्हॉइस ऑपरेशनच्या दिवशीच फाइलला लावायचं. स्टिकर हरवला की लेन्सचा किंवा प्लेटचा क्लेम अडकलाच म्हणून समजा.

फाइलीतल्या एका ओळीवर तुमचं बोट हमखास थांबायचं: "बीपी, १० वर्षांपासून." आरएमओने घाईत, शेजारी उभ्या असलेल्या भाच्याला विचारून लिहिलेलं असतं. ओपीडीच्या कागदावर मात्र दोन वर्षं. पूर्वीच्या आजाराचा वेटिंग पीरियड (ज्या काळात त्या आजाराचा क्लेम मिळत नाही) आता जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा, पण पॉलिसी त्याहून नवी असेल तर अशा ओळीवर क्लेम नाकारला जातो. उपाय तुम्ही सांगितलात तो सरळ होता: माहिती कोणी दिली ते लिहा, जुने कागद बघून लिहा, सगळीकडे एकच लिहा. आणि नंतर खाडाखोड अजिबात नाही. दुरुस्ती करायचीच तर एक रेघ, तारीख, सही. पेशंटने फाइलची प्रत मागितली तर ७२ तासांत द्यावी लागते, तेव्हा झाकून काही राहत नाही.

आकड्यांचं तुम्हाला वेड होतं, पण फुकाचं नाही. ३० खाटा, ३० दिवस, म्हणजे ९०० खाट-दिवस. त्यातले ६३० भरले तर ऑक्युपन्सी ७० टक्के, आणि १८० डिस्चार्ज असतील तर सरासरी मुक्काम साडेतीन दिवस. नवीन मॅनेजर इथेच उड्या मारतो: डिस्चार्ज लवकर केले की उत्पन्न वाढेल! खाटेसाठी रांग असेल तरच वाढेल. निम्म्या खाटा रिकाम्या असताना लवकर डिस्चार्जने भांडणं कमी होतात, तीही मोठीच कमाई, पण ती उत्पन्न म्हणून डॉक्टरांपुढे मांडू नये. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मालक डॉक्टरांना एकच पान द्यायचं, त्यात टीपीएची येणी ३०, ६० आणि ९० दिवसांच्या रकान्यांत आणि कपातीची कारणं. नव्वदच्या रकान्यातला पैसा पाठपुरावा केल्याशिवाय येत नाही.

माणसांबद्दल तुम्ही कमी बोलायचात. कन्सल्टंटला (तज्ज्ञ डॉक्टरला) उशिराबद्दल पेशंटसमोर टोकायचं नाही. केबिनमध्ये, एकट्याला, ओपीडीच्या वेळांचा कागद पुढे ठेवून. त्यांचं पेमेंट ठरल्या तारखेला, पेशंटनिहाय यादीसकट. टीपीएने कापलेली रक्कम कोणी सोसायची हे आधीच लेखी ठरवायचं, कारण कन्सल्टंट सोडून जातात ते बहुधा याच वादावरून. आणि मेट्रनला (मुख्य नर्सला) डावलून वॉर्डात एकही सूचना द्यायची नाही.

पुढे जायचं कसं, यावरचा तुमचा सल्ला आम्ही सगळ्यांना सांगतो. एमएचए (हॉस्पिटल व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी) करता आलं तर उत्तमच, पण बी.कॉम.वाल्याने किंवा नर्सने अडून बसू नये. एनएबीएचची (हॉस्पिटलच्या दर्जाच्या मानांकनाची) तयारी सुरू झाली की कोऑर्डिनेटरचं काम मागून घ्यावं. कटकटीचं म्हणून ते कुणाला नको असतं, पण ओटीपासून लॉन्ड्रीपर्यंत प्रत्येक खात्यात हक्काने शिरायला मिळतं. आणि बढतीच्या वेळी पदाच्या आधी अधिकार मागायचा: किती रुपयांपर्यंतची तातडीची खरेदी न विचारता करता येईल, सवलत किती देता येईल, रजा कोण मंजूर करणार. हे लेखी नसेल तर दारावर 'मॅनेजर'ची पाटी लागते आणि शंभर रुपयांच्या सवलतीसाठीही ओटीबाहेर थांबावं लागतं.

तुमचा तारखांचा तक्ता आम्ही अजून वापरतो: सोनोग्राफीचा अहवाल दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत, फायरचा फॉर्म बी (अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचा दाखला) जानेवारी आणि जुलैत, जैववैद्यकीय कचऱ्याचा वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत, नर्सिंग होमची नोंदणी दर तीन वर्षांनी. आम्ही त्यात दोन रकाने वाढवलेत, जबाबदार माणसाचं नाव आणि तो रजेवर असेल तर दुसऱ्याचं. नवी प्रत पाठवतोय, चष्मा लावून नीट बघा आणि लाल पेनाने काय राहिलं ते कळवा.

मनापासून आभार, मॅडम.

तुमचेच,
बिलिंग काउंटरवरची जुनी मंडळी