साडेअकरानंतर फोन कर

नाशिक,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय सोन्या,
अनेक आशीर्वाद.

तू मागच्या वर्षी पाठवलेला तो माहितीपट आज शेवटी पाहिला. अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या रॅप ग्रुपवरचा, मायकेल रॅपापोर्टनं २०११ साली काढलेला. "आई, दीड तासाचा तर आहे," असं तू म्हणाला होतास. मला तीन तास लागले. ती माणसं भराभर बोलतात आणि खालची इंग्रजी अक्षरं वाचून होईपर्यंत पुढची येतात, म्हणून थांबवत, मागे नेत पाहिला. दुपारचं जेवण चार वाजता झालं. तेव्हापासून तुला लिहायचं घोळतंय. फोनवर हे नीट बोलता येणार नाही, तू मध्येच "बरं, बरं" म्हणून विषय बदलशील. म्हणून पत्र.

न्यूयॉर्कच्या क्वीन्समधली ही पोरं. क्यू-टिप आणि फाइफ बालपणापासूनचे जिवलग, सोबत अली शहीद मुहम्मद आणि जरोबी. १९९० साली पहिला अल्बम, १९९१ साली 'द लो एंड थिअरी', १९९३ साली तिसरा, आणि १९९८ साली पाचवा काढून ग्रुप मोडला. हे सगळं तुला तोंडपाठ आहे, मी नव्यानं सांगायला नको. पण क्यू-टिप आपल्या वडिलांच्या जॅझच्या तबकड्यांविषयी बोलायला लागला, तिथं मी बराच वेळ थांबले. मला तुझे आजोबा दिसले. लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या त्यांच्या वामनदादा कर्डकांच्या कॅसेट. वामनदादा आपल्याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, याचा आजोबांना केवढा अभिमान होता! त्यातल्या एका कॅसेटमधली ढोलकीची चार आवर्तनं तू आणि तुझा दोस्त, तुम्ही दोघांनी उचललीत आणि तीच फिरवत राहून त्यावर तुमचं गाणं बसवलंत. आजोबा तेव्हा अंथरुणावर होते. दोन वेळा लावायला सांगितलं आणि बोटानं गादीवर ठेका धरला. त्या दिवशी त्यांच्या पायथ्याशी तुम्ही दोघं बसला होतात, एकच हेडफोन अर्धा अर्धा लावून.

तो रॉन कार्टर, ज्यानं जॅझमधल्या माइल्स डेव्हिससोबत वाजवलं, एवढा मोठा माणूस या विशीतल्या पोरांच्या दुसऱ्या अल्बमवर डबल बास वाजवायला आला. शिवीगाळ असलेल्या गाण्यावर वाजवणार नाही, ही त्याची अट होती म्हणे. हे वाचून मला फार बरं वाटलं. जुन्या माणसानं नव्यांकडे जावं ते असं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते.

फाइफला १९९० सालीच मधुमेह निघाला, म्हणजे पहिला अल्बम आला त्याच वर्षी. वय एकोणीस-वीस. १९९३ च्या एका गाण्यात त्यानं आपला आजार स्वतःच सगळ्यांसमोर सांगून टाकला. गोडाचं व्यसन सुटत नाही हे तो कॅमेऱ्यासमोर कबूल करतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे पाहवत नाही. मूत्रपिंडं गेली, आणि २००८ साली बायकोनं आपलं एक दिलं. नेमक्या त्याच वर्षीच्या दौऱ्यात क्यू-टिप आणि फाइफचं पडद्यामागे पेटतं, तेही चित्रपटात आलंय. तू मला तेवढाच भाग आधी पाठवला होतास आणि खाली लिहिलं होतंस, "बघ, आमचंही असंच होतं. एक जण मरमर राबतो आणि दुसऱ्याला गांभीर्यच नसतं."

मी तो भाग आज चार वेळा पाहिला. मला त्यात वेगळं दिसलं, आणि मला ते दिसायलाच हवं होतं. बावीस वर्षं डायलिसिसच्या मशीनपाशी उभी आहे मी. सकाळी सहाच्या पाळीला येणारे निम्मेअधिक मधुमेहाचेच असतात. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. सुया लावायच्या आधी आम्ही हातावरच्या फिस्टुलावर, म्हणजे सुयांसाठी धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागेवर, दोन बोटं ठेवतो. कातडीखाली थरथर लागली पाहिजे. ती लागली की फिस्टुला चालू आहे असं समजायचं आणि मगच सुई उचलायची. आज त्या अल्बमचा बास ऐकताना मी नकळत टेबलावर दोन बोटं ठेवली होती. तीच थरथर, रे.

आणि या पेशंटांच्या चिडण्याची मला सवय आहे. शुगर एकदम खाली आली की माणूस कावराबावरा होतो, घाम फुटतो, हात कापतात, साधी गोष्ट आठवत नाही, उगाच अंगावर येतो. वर गेली की गळून जातो, उठावंसं वाटत नाही. घरचे म्हणतात आळशी झालाय, तिरसट झालाय. आम्ही त्यांना समजावतो. नातेवाइकांना किती वेळा समजावलंय त्याला हिशेब नाही.

आणि स्वतःच्या मुलाच्या कार्यक्रमात मी पाचव्या रांगेत बसून ते ओळखलं नाही.

गंगापूर रोडचा तो कार्यक्रम आठव. दुसऱ्या गाण्यात तुझा दोस्त कडवं विसरला. तू माइकवर म्हणालास, "झोप झाली का भाऊ?" आणि सगळं पब्लिक हसलं. मीही हसले, सोन्या. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, माइकचा हात थरथरत होता, तो कडेला ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीकडे नुसता बघत होता, आणि मला वाटलं, लाइटचा उकाडा असेल. डिसेंबरचं नाशिक, मी स्वतः शाल पांघरून बसले होते, आणि मला उकाडा वाटला. त्यानंतर तुमचं मागे जे काही झालं ते झालं. तू पुण्याला गेलास, तो अंबडच्या कारखान्यात लागला. दीड वर्ष झालं.

तो मला गेल्या बुधवारी पवननगरच्या बाजारात भेटला. मेथीची जुडी हातात घेऊन उभा होता. वाळलाय. मी त्याला बाजूला घेऊन सरळ विचारलं, त्या रात्री काय झालं होतं? आधी काही नाही, काही नाही करत होता. मग बोलला. कार्यक्रम सातला म्हणून त्यानं सहाला इन्सुलिन घेतलं होतं, नंतर वडापाव खाऊ म्हणून. साउंड चेक लांबला, मधे खायला वेळ मिळाला नाही, आणि त्याला तुमच्यासमोर खायला मागायची लाज वाटली, कारण तुम्ही सगळे वायरी ओढत होतात. मी विचारलं, हे माझ्या मुलाला का नाही सांगितलंस? तर म्हणाला, "काकू, त्याला नका सांगू. त्याला वाटेल मी आजाराचं कारण सांगतोय."

मी नाही सांगणार म्हटलं होतं. आज तो शब्द मोडते आहे. त्याचं जे म्हणायचं ते तो मला म्हणेल, मी ऐकून घेईन.

तुझी चूकच होती असं मी म्हणत नाही. तू रात्र रात्र जागून गाणी बसवायचास, हॉल ठरवायचास, स्पीकरचं भाडं पगारातून भरायचास, आणि तो तालमीला दोन-दोनदा दांडी मारायचा, हे माझ्या डोळ्यांसमोर झालंय. क्यू-टिपलाही काम नेटकंच लागायचं आणि तोही काही खोटा माणूस नव्हता. त्या दोघांचं पुढं काय झालं हे तू मला कधी सांगितलं नाहीस, मी आज शोधून वाचलं. नोव्हेंबर २०१५ मध्ये एका टीव्ही कार्यक्रमासाठी पुन्हा एकत्र आले आणि मग नवा अल्बम करायला बसले. क्यू-टिपनं हट्टच धरला की ईमेलवरून आवाज पाठवायचे नाहीत, सगळ्यांनी माझ्या घरच्या स्टुडिओत समोरासमोर बसायचं. फाइफ विमानानं येऊन बसायचा. २२ मार्च २०१६ रोजी तो गेला, पंचेचाळीस वर्षांचा होता. अल्बम नोव्हेंबरात आला, अठरा वर्षांनंतरचा पहिला, आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. त्या अल्बमवर फाइफचा आवाज आहे. दोघांना ते काही महिने मिळाले, याचं मला आज दिवसभर बरं वाटत राहिलं आणि रडूही येत राहिलं.

तुझा दोस्त पंचवीसचा आहे. त्याची मूत्रपिंडं चांगली आहेत, मी बुधवारीच त्याला क्रिएटिनिनचा आणि लघवीचा रिपोर्ट दाखवायला लावला. डोळे तपासून घे म्हणून सांगितलंय. शुगर तीन महिन्यांच्या सरासरीत वाढलेली आहे, आणि पाळ्या बदलत्या असल्या की जेवणाच्या वेळा राहत नाहीत, त्याचं मला जास्त वाटतं. त्याच्या आईशीही बोलले. त्यानं लिहिणं सोडलेलं नाही. मोबाइलमध्ये लिहितो, कंपनीच्या बसमध्ये. मला दोन ओळी वाचून दाखवल्या, गोदाघाटावर कपडे धुणाऱ्या बायांवर होत्या. मी त्या इथं लिहीत नाही, त्याच्याकडूनच ऐक.

त्याचा नंबर तोच आहे. या आठवड्यात त्याची सेकंड शिफ्ट आहे, साडेअकराला सुटते, बसनं त्रिमूर्ती चौकात उतरतो आणि बाराच्या आत घरी येतो. अर्धा तास त्याला जेवू दे. मग फोन कर.

तुझी,
आई