आबांनी स्वतःहून पट्टा लावला

अंबाजोगाई, रविवार

प्रिय बापू,
सप्रेम नमस्कार. दिवाळीपासून तुला एक ओळही लिहिली नाही, याची मला मनापासून खंत वाटते. आबांचे गुडघे तसेच आहेत. बाकी सर्व ठीक.

परवा मारुतीची ब्रेझा आणि टाटांची नेक्सॉन या गाड्या पाहायला आबांना घेऊन लातूरला गेलो होतो. नेक्सॉनच्या मागच्या सीटवर बसताच त्यांनी स्वतःहून पट्टा ओढून लावला. मांजरसुंब्याच्या घाटातील त्या रात्रीनंतर हे प्रथमच घडले, आणि ते तुझ्याशिवाय कोणाला सांगावे हे मला कळेना.

तेव्हापासून निर्णय अडला आहे. दोन्ही गाड्यांची लांबी ३९९५ मिलिमीटरच. परंतु ब्रेझाचे इंजिन १४६२ सीसीचे असल्यामुळे चार मीटरच्या आत असूनही तिच्यावर ४० टक्के जीएसटी लागतो, आणि ११९९ सीसीच्या पेट्रोल नेक्सॉनवर १८ टक्के. मात्र ब्रेझाचे चार सिलिंडरचे इंजिन इतके शांत चालते की आबांना डुलकी लागली. सौ. सीएनजीवर ठाम आहे. ब्रेझात ती टाकी डिकीत येते, मग आबांची चाकांची खुर्ची कोठे ठेवायची? तुझ्या वरातीत ढोल टपावर बांधला होता, तशी खुर्ची बांधू, असे तू म्हणशील. पण आबा त्याला तयार होणार नाहीत. नेक्सॉनच्या सीएनजी गाडीत दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवलेल्या असल्याने वर जागा उरते.

जीप घेताना तू मायलेज पाहत होतास आणि मी पत्र्याची मजबुती. ते भांडण आपण अजून मिटवलेले नाही. म्हणून हेही लिहितो की २०१८ मध्ये गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत तेव्हाच्या विटारा ब्रेझाला चार तारे मिळाले होते आणि नेक्सॉनला पाच. २०२४ मध्ये अधिक कडक निकषांवरही नेक्सॉनने पाच तारे राखले. सर्व्हिसिंगची सोय मात्र मारुतीची आपल्याकडे अधिक जवळ आहे, आणि आबांना घेऊन रस्त्यात अडकण्याची मला खरोखर भीती वाटते.

वहिनींची बदली झाल्याचे कळले. घर मिळाले का? चिमणीची परीक्षा कशी गेली, तेही कळव.

पुढच्या रविवारी ये. दोन्ही गाड्या पुन्हा मागवल्या आहेत. आबांच्या शेजारी, मागे, तूच बसावेस असे मला वाटते.

तुझाच,
नाना