कार्बोरेटर सगळ्यात शेवटी

दिंडोरी,
ऑक्टोबर

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

मोटरसायकल नीट चालत नाही म्हणून काल तुझा फोन आला तेव्हा मी द्राक्षबागेत होतो. छाटणीची माणसं समोर उभी होती, त्यामुळे नीट बोलता आलं नाही. छाटणी आणि पेस्टिंग (छाटलेल्या काड्यांना औषध लावणं) उरकल्याशिवाय मला नाशिकला येता येणार नाही, आणि सिडकोतून अंबडला रोज रिक्षाने जाणं तुला परवडणारं नाही. म्हणून बसून सगळं लिहितोय. पत्राबरोबर माझे पाने, फिलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या) आणि बारीक स्क्रूड्रायव्हर फडक्यात बांधून पाठवतोय. पत्र गाडीशेजारी ठेवून वाच, हात तेलकट झाले की फोन धरता येत नाही.

आधी महत्त्वाचं. "कार्बोरेटर गेलाय, नवा टाका" असं तुला मेकॅनिकने सांगितलं, ते ऐकू नकोस. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग. तो असा एकाएकी जात नाही. तो घाण होतो, चोंदतो, त्याची रबरं कडक होतात, आत बसणारी सुई झिजते. यातलं प्रत्येक काम घरी होतं. बाजारातला स्वस्त कार्बोरेटर बसवलास तर त्याचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे पितळी तुकडे) आपल्या गाडीला जुळतीलच असं नाही, आणि वर्षानुवर्षं बरोबर चाललेला भाग भंगारात जाईल. सन २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ हे धुराचे कडक नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आलं. आता मुळातला कार्बोरेटर जपायला हवा.

तू दोन तक्रारी सांगितल्यास. पहिली, चोक ओढला की गाडी चालू राहते, सोडला की बंद पडते, आणि मुंबई नाक्याच्या सिग्नलला रेस धरून ठेवावी लागते. दुसरी, त्र्यंबक रोडला महिरवणीच्या पुढे तिने दम सोडला, कडेला थोडा वेळ उभी केली आणि मग काही झालंच नाही अशी चालली. मला वाटतं हे दोन वेगळे बिघाड आहेत. दोघांना एकच कारण शोधत बसलीस तर गोंधळ होईल.

दुसरी तक्रार सोपी, ती आधी संपवू. टाकीतलं पेट्रोल खाली उतरतं तसतशी वरून हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. पावसाळाभर गाडी उघड्यावर उभी होती, धूळ आणि चिखल बसून ते बुजलं असेल तर टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरेनासं होतं. थोडा वेळ थांबलं की हवा कशीबशी शिरते आणि गाडी पुन्हा चालते. पुढच्या वेळी अशी बंद पडली तर तिथल्या तिथे टाकीचं झाकण उघड. "सूं" असा हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि लगेच गाडी चालू झाली, तर दोष झाकणाचा. झाकण काढून भोक साफ केलं की काम झालं. आवाज आला नाही तर पेट्रोल कॉककडे, म्हणजे टाकीखालच्या तोटीकडे बघ. कार्बोरेटरला येणारी नळी काढून बाटलीत धर आणि कॉक उघड. धार एकसारखी हवी. थेंब थेंब आलं तर कॉकची जाळी गंजाने किंवा गाळाने भरलेली असणार.

आता पहिली तक्रार. चोक म्हणजे हवेच्या वाटेत आडवी येणारी पट्टी. ती ओढली की हवा कमी होते आणि पेट्रोल जास्त ओढलं जातं. चोकवर गाडी सुखाने चालते याचा अर्थ एरवी तिला पेट्रोल कमी पडतंय, नाहीतर कुठून तरी जादा हवा घुसतेय. चोक ओढल्यावर ती गुदमरली असती, सायलेन्सरमधून काळा धूर आला असता, तर उलट समजायचं: पेट्रोल आधीच जास्त जातंय, हवेचा फिल्टर चोंदलाय किंवा कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतोय. पान्याला हात न लावता चोकच्या दांडीने तुला अर्धं निदान दिलं आहे.

उरलेलं निदान रेसवरून होतं. आत पेट्रोल जायच्या वाटा वेगवेगळ्या असतात. रेस सोडलेली असताना आणि पहिल्या किंचितशा पिळापर्यंत पायलट जेट काम करतो. पाव ते पाऊण रेसपर्यंत स्लाइडला (रेसच्या केबलने वर-खाली होणाऱ्या दट्ट्याला) लटकणारी लांब सुई किती वर उचलली जाते त्यावर पेट्रोल ठरतं. त्यापुढे पूर्ण रेसला मेन जेट. तुझी गाडी रेस धरली की चालते आणि सोडली की मरते, म्हणजे मेन जेटचं काही बिघडलेलं नाही. माझा संशय पायलट जेटवर आहे. कॉक चालू ठेवून गाडी महिनोन्महिने उभी राहिली की वाटीतल्या (कार्बोरेटरच्या खालच्या भांड्यातल्या) पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट, राळेसारखा थर राहतो. सगळ्यात बारीक भोक पायलट जेटचं, म्हणून पहिल्यांदा तेच बुजतं.

पेट्रोलही बदललंय, हे लक्षात ठेव. एक किलो पेट्रोल जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ किलोच पुरते. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं आणि आपली गाडी २००३ ची. जेट तेच, पण इंधनाला हवा कमी लागते, म्हणजे हवा शिल्लक राहते. त्यात जेट थोडा जरी बुजला तरी स्लो रनिंग, म्हणजे रेस सोडल्यावरचं फिरणं, कोसळतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. पेट्रोलची नळी बोटांत दाबून बघ. कडक लागली किंवा तडे दिसले तर बदल, फार खर्च नाही. उभी राहणारी गाडी टाकी भरून ठेव, कॉक बंद कर आणि वाटीतलं पेट्रोल काढून टाक.

तरीही कार्बोरेटर लगेच उघडू नकोस. आधी बाहेरच्या गोष्टी बघून घे. प्लग काढ. टोक विटकरी-तपकिरी असेल तर उत्तम. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे कमी, आणि तेलाने ओलं असेल तर गोष्ट इंजिनच्या आतली आहे, तेव्हा मला फोन कर. प्लगची फट ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेव, फिलर गेज त्यासाठीच पाठवलाय. हवेचा फिल्टर काढून झटक, फार मळला असेल तर बदल. मग गाडी चालू ठेवून कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या जोडावर पाण्याचा हलका फवारा मार. त्या क्षणी स्लो रनिंग बदललं तर तिथून हवा खेचली जातेय. दोन बोल्ट आवळ, मधली रिंग बदल. किक मारताना पायाला नेहमीचा जोर लागतो का तेही बघ. किक मोकळी जात असेल तर टॅपेट (इंजिनचे व्हॉल्व उघडणारे भाग) फार घट्ट झालेले असू शकतात, आणि मग कार्बोरेटर कितीही धुतला तरी फरक पडणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि गाडी चालवून बघ. तीन गोष्टी एकदम केल्यास तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

यातून काहीच निघालं नाही तरच उघड. पण त्याआधी माझं एक ऐक, आणि हे मी आग्रहाने सांगतोय. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मीटरच्या पेटीजवळ हे काम करायचं नाही. गाडी बाहेर मोकळ्यावर ने. इंजिन पूर्ण थंड होऊ दे. संध्याकाळी तिथे कोणी उदबत्ती, दिवा लावतं, तेव्हा काम सकाळीच कर. काढलेलं पेट्रोल झाकणाच्या डब्यात ठेव, उघड्या ताटलीत नको, गटारात तर मुळीच नको. प्लगची ठिणगी बघायची असेल तर पेट्रोलचं काहीही उघडं नसताना, आणि प्लगच्या भोकापासून लांब धरून. बादलीभर वाळू शेजारी असू दे.

कॉक बंद कर, वाटीच्या खालचा स्क्रू सोडून पेट्रोल काचेच्या ग्लासात घे. त्याच्याकडे जरा वेळ बघत बस. तळाशी वेगळे, गोल, जड थेंब फिरताना दिसले तर ते पाणी, तांबूस कण दिसले तर टाकीचा गंज. मग वरचं झाकण फिरवून काढ. त्याबरोबर स्लाइड आणि सुई वर येतील, त्या फडक्यावर आडव्या ठेव, केबल ओढू नकोस. बसवताना स्लाइडवरची खाच आतल्या खिळीत बसली पाहिजे, उलटी बसली तर रेस अडकून राहते. रेस मोकळी सुटते हे बघितल्याशिवाय किक मारायची नाही.

वाटीच्या स्क्रूंना मी पाठवलेला स्क्रूड्रायव्हरच लाव. हे जपानी पद्धतीचे स्क्रू आहेत, साधा फुलीचा स्क्रूड्रायव्हर त्यात घसरतो आणि डोकं खातो. वाटी उतरली की फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा तुकडा, दिसेल. त्याची पिन हळूच सरकव, छोटी सुई निघेल. तिच्या टोकाला गोल खळगा पडला असेल तर ती बदल, ओव्हरफ्लो तिच्यामुळे होतो.

बाजूचा छोटा पितळी स्क्रू (स्लो रनिंगचं मिश्रण ठरवणारा) काढण्याआधी तो आत हलका टेकेपर्यंत फिरव आणि किती फेरे गेले ते कागदावर लिहून ठेव. पाव फेराही लिही. टेकल्यावर जोर लावायचा नाही, टोक बसून जातं.

आता पायलट जेट. मेन जेटच्या शेजारी, खोल भोकात असतो. स्क्रूड्रायव्हरने सहज सुटला तर काढ, सुटला नाही तर जागेवरच राहू दे, पितळ मऊ असतं आणि आटे गेले तर मग खरंच नवा कार्बोरेटर आणावा लागेल. निघाला तर उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघ. मी सातपूरला इतकी वर्षं डिझेलचे नोझल तपासले, भोक कसं दिसायला हवं ते डोळ्यांत बसलंय: पूर्ण गोल, कडा स्वच्छ, आणि आरपार उजेड. अर्धचंद्र दिसला किंवा मधे तांबूस पडदा दिसला तर तिथेच रोग आहे.

कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मार, भिजू दे, मग हवा मार. फवारताना डोळ्यांवर चष्मा ठेव, तो भलत्याच भोकातून उलटा डोळ्यात येतो. सगळी रबरं आधी बाजूला काढ, क्लीनर त्यांना लागता कामा नये. आणि सुई, टाचणी, तार यातलं काहीही त्या भोकात घालायचं नाही. सगळे घालतात, म्हणून स्पष्ट लिहितो. समज भोक ०.३५ मिलिमीटरचं आहे आणि तारेने ते ०.४० झालं. डोळ्याला काही कळणार नाही, पण क्षेत्रफळ तीस टक्क्यांनी वाढलं. मग गाडी काळा धूर सोडेल, ॲव्हरेज पडेल आणि कितीही ट्यून केली तरी जागेवर येणार नाही. फारच चिवट घाण असेल तर मासेमारीचा बारीक नायलॉनचा धागा चालतो.

वाटीची रिंग पेट्रोलने फुगून खाचेत बसेनाशी झाली तर घाबरू नकोस. रात्रभर हवेवर वाळू दे, बहुतेक आपोआप आक्रसते. सकाळी बसव.

सगळं जोडून झालं की कॉक उघड आणि किक मारण्याआधी वाटीखाली बोट फिरवून बघ, ओल नको. पाथर्डी फाट्यापर्यंत चक्कर मारून इंजिन गरम कर. थंड इंजिनवर केलेलं ट्यूनिंग टिकत नाही. मग रेसचा स्क्रू थोडा वाढव आणि पितळी स्क्रू पाव-पाव फेऱ्याने दोन्ही बाजूंना फिरवून बघ. ज्या जागी इंजिन सगळ्यात जोरात आणि सारखं फिरतं तिथे थांब, मग रेसचा स्क्रू कमी करून स्लो रनिंग नेहमीच्या आवाजावर आण. हा आवाज तुला माहीत आहे, लहानपणापासून ऐकलायस. शेवटी पीयूसी काढ. आपल्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के आहे. कागदावरचा आकडा नुसता पास म्हणून ठेवून देऊ नकोस, तो वाच. मर्यादेच्या काठावर आला तर मिश्रण अजून जाड, म्हणजे पेट्रोल जास्त आहे.

रविवारी करणार असलीस तर शनिवारीच फ्लोटची सुई, वाटीची रिंग आणि नळी त्रिमूर्ती चौकातून आणून ठेव. जुना नमुना सोबत ने. पितळी स्क्रूचे किती फेरे निघाले आणि ग्लासात पाणी होतं की गंज, एवढं मला फोनवर सांग. गंज असेल तर टाकी मी आल्यावर उतरवू, ती एकटीने उचलू नकोस.

आईने बेदाणे दिलेत, ते पान्यांच्या फडक्यात नाहीत, वेगळ्या पिशवीत आहेत.

तुझे,
बाबा